शेकपाटाची खोटी साक्ष

मित्रांनो, सुख ही मोठी विचित्र वस्तू आहे. ते ज्याच्या वाट्याला येते, त्याच्या इंद्रियांवर ते आधी पडदा ओढते. ज्याचे पाय उबेत असतात त्याला शेजाऱ्याचे कुडकुडणे हा शेजाऱ्याचा स्वभाव वाटू लागतो. आणि ज्याच्या हाती मोजमाप असते, तो जिथे ऊब आहे तिथेच ती मोजून मोकळा होतो. असे घडायला कोणी दुष्ट असावा लागत नाही. दुष्टावाचून घडलेल्या अन्यायाला शासन करायचे कोणाला, हे कोणालाच ठाऊक नसते, म्हणून तो फार काळ टिकतो. अशा एका अन्यायाचा मी साक्षीदार आहे. नुसता साक्षीदार असतो तर बरे होते. मी खोटी साक्ष दिली.

मी एक जुना शेकपाट आहे. हा शब्द तुम्ही ऐकला नसेल. माझ्या कर्त्यानेच तो योजला. जेवायला बसायचा पाट असतो तसाच माझा आकार, फक्त पुढून उतरता, म्हणजे खुर्चीवर बसलेल्याने सहज पावले टेकवावीत. वर जाड लोकरी कापड, त्याखाली अभ्रकाच्या पत्र्यावर गुंडाळलेली तार, आणि उजव्या अंगाला तीन खुणांची एक खुंटी. माझा कर्ता म्हातारा वायरमन होता. मी पुरा झालो त्या दिवशी त्याने वहाण काढली, अनवाणी पाऊल माझ्यावर ठेवले आणि डोळे मिटून शंभरपर्यंत आकडे मोजले.

"बस्स," तो म्हणाला. "पायाशी मांजर बसल्याएवढी ऊब. यापेक्षा जास्त दिलीस तर माणूस काम सोडून घोरायला लागेल."

वीज मी फार थोडी खातो. एखादा जुना दिवा जेवढी खाईल तेवढी. कर्त्याला याचा अभिमान होता. येणाऱ्याजाणाऱ्याला तो सांगे, "एका माणसाचे पाय शेकायला अख्खं दालन तापवायचं म्हणजे एक कणीस भाजायला सगळं शेत पेटवायचं. खोली कशाला तापवता? माणूस तापवा." त्याचे म्हणणे खरे होते, आणि आजही खरेच आहे. मी मात्र कुठे ठेवला जाणार हे त्याने विचारले नाही, आणि त्याला कोणी सांगितलेही नाही.

मी गेलो तो जुन्या कागदांच्या दालनात. पुरात भिजलेली, वाळवीने खाल्लेली, घडीवर तुटलेली दप्तरे तिथे सांधली जात. लांबलचक दालन, बारा टेबले. प्रत्येक टेबलावर एक काच, काचेवर ओले पान, आणि त्या पानावर वाकलेले एक माणूस. पातळ, जाळीसारख्या कागदाची पट्टी खळ लावून फाटीवर बसवायची, आणि तंतूशी तंतू जुळला की नाही ते बोटाच्या टोकाने ओळखायचे. डोळ्यांना ते दिसत नाही. म्हणून तिथे कितीही थंडी असली तरी हातमोजे घालायचे नाहीत, हा नियम होता. कागदांच्या भीतीने शेगडीही वर्ज्य. तळघरात एक मोठा बंब होता. त्याचे गरम पाणी भिंतीकडेच्या नळांतून फिरे आणि दालन तापे. बंब केव्हा पेटायचा आणि केव्हा विझायचा हे दक्षिणेच्या भिंतीवरची एक लहानशी तापमापी ठरवी. तिला सगळे 'डोळा' म्हणत. डोळ्याला दालन गार दिसले की बंब पेटे, उबदार दिसले की झोपे.

डोळ्याच्या बरोबर खाली थोरल्या बाईंचे टेबल होते. थोरल्या बाई म्हणजे दालनाच्या प्रमुख. हाताने कुशल, बोलण्यात मोजक्या, आणि न्यायी असण्याची त्यांना फार हौस. उलट टोकाला, उत्तरेच्या खिडकीशी, खळकाका बसत. दालनाची खळ गेली तीस वर्षे तेच शिजवीत, म्हणून हे नाव. बाईंना हे काम त्यांनीच शिकवले होते. तेव्हा ते बाईंना 'पोरी' म्हणत. बाई प्रमुख झाल्या त्या सकाळी त्यांनी हाक मारली ती 'बाई' अशी, आणि मग कधी चुकूनही जुनी हाक मारली नाही.

काकांच्या हातात त्या वर्षी जन्मनोंदींची एक वही होती. ज्या गावाची ती नोंद, ते गाव पुरानंतर पुन्हा वसलेच नाही; तिथे जन्मलेल्यांची नावे या वहीवाचून जगात दुसरीकडे कुठेही नव्हती. दोनशे बारा पाने. चार वर्षांत काकांनी एकशे नव्याण्णव सांधली होती. हिवाळा सरला की त्यांची निवृत्ती होती. उरलेली तेरा पाने आपल्या हातून व्हावीत आणि मग उठावे, एवढीच त्या माणसाची इच्छा होती. ती त्यांनी कोणाला बोलून दाखवली नाही, पण दालनात ती सर्वांना ठाऊक होती.

हिवाळ्याच्या तोंडावर साहेब मला काखेत घेऊन आले. साहेब म्हणजे इमारतीचे व्यवस्थापक. "एक महिना प्रयोग," ते म्हणाले. "इंधन वाचलं तर बाराही टेबलांना एकेक पाट."

दालनाची एक रीत होती. नवी कात्री, नवा कुंचला, नवी काच, काहीही आले तरी ते आधी थोरल्या बाईंच्या टेबलावर जायचे. त्यांनी वापरून पाहायचे, मग इतरांना. तरी बाई म्हणाल्या, "काकांना द्या. खिडकीशी बसतात ते."

"रीत मोडू नका, बाई," खळकाका तिकडून म्हणाले. "तुमचं झालं की येईलच फिरत फिरत. मी कुठे पळून चाललोय?"

असा मी बाईंच्या पायाशी गेलो. टेबल भिंतीला लावलेले, मध्ये चार बोटांची फट. पुढून धूळ येऊ नये म्हणून जाड कापडाचा पडदा जमिनीपर्यंत सोडलेला. त्या कोंदट जागेत मी पहिल्यांदा तापलो, आणि मला फार कृतार्थ वाटले. बाईंची पावले आधी बिचकली, मग विसावली. मी देत होतो ती ऊब मला त्यांच्या पावलांपुरतीच वाटत होती. उरलेली कुठे जाते याचा विचार माझ्यासारख्या पाटाने कशाला करावा?

ती मागच्या फटीतून वर जात होती. धुराड्यातून धूर जावा तशी, सरळ, डोळ्यापर्यंत. डोळ्याला वाटले दालन उबदार झाले. बंब झोपला.

महिन्याने साहेब आले ते हर्षभरित होऊन. "तिसरा हिस्सा इंधन वाचलं. एका पाटाने!"

दप्तरे शिवून बांधणारा बांधणीवाला थट्टेखोर होता. तो सुई न थांबवता म्हणाला, "मग बारा घ्या, साहेब. बंबच उलटं आपल्याला इंधन देईल."

सगळे हसले. साहेब हसले नाहीत. ते विचारात पडले आणि म्हणाले, "तसं नाही. एकानेच एवढं भागत असेल तर बाकीचे अकरा कशाला?"

आणि बाकीचे अकरा आले नाहीत. आले ते काटकसरीबद्दल वरच्या कचेरीचे मानपत्र. साहेबांनी ते चौकटीत बसवून डोळ्याच्या शेजारीच टांगले. त्या मानपत्रात माझाही उल्लेख होता, मित्रांनो. 'व्यक्तिगत उष्णतेच्या अभिनव साधनाद्वारे' असे काहीतरी. बाईंनी ते मोठ्याने वाचले तेव्हा मी खाली फुलून गेलो होतो. आज ते आठवले की माझी तार आवळते.

कारण दालन गारठत होते. वाटीतली खळ दुपारी घट्ट होऊ लागली. लोक काचेवर वाकले की श्वासाचे धुके काचेवर उमटे. कोणी दोन सदरे घालू लागले, कोणी उठून नळाला हात लावून पाही आणि परत येई. शेवटी बांधणीवाला बाईंच्या टेबलापाशी आला.

"बाई, बंबवाल्याला जरा सांगा. हात चालेनात."

बाईंनी मान वर करून डोळ्याकडे पाहिले. "एकवीस अंश दाखवतोय. थंडी आहे कुठे?"

"डोळ्याला वाजत नसेल, बाई," खिडकीशी बसलेले खळकाका म्हणाले. एवढे टोचून ते सहसा बोलत नसत.

बाईंना ते लागले. पण त्या न्यायी होत्या, म्हणून त्यांनी स्वतःलाच विचारले, मला थंडी वाजते का? माझ्यावर त्यांची पावले होती. नाही, त्यांना वाजत नव्हती. मग त्या उठून काकांपाशी गेल्या आणि हळू आवाजात, मायेने म्हणाल्या, "काका, वयाची थंडी असते ती. आतून आणखी एक जोड मोजे घालत जा."

"असेल," काका म्हणाले. "आता वय झालंच."

त्या थोडा वेळ तिथे थांबल्या असत्या तर त्यांनाही गारठा लागला असता. पण फुलपात्रातले पाणी निवायलाही काही वेळ लागतो, पायांचे तसेच. त्या उबदार पायांनी गेल्या आणि उबदार पायांनीच परत आल्या.

मध्ये तीन दिवस बाई रजेवर होत्या. बहीण आजारी होती. माझी खुंटी बंद होती, डोळ्याला खरे दिसले, बंब तिन्ही दिवस पेटला. लोकांनी वरचे जादा सदरे उतरवले. काकांनी त्या तीन दिवसांत अर्धवट अडलेली तीन पाने पुरी केली. बांधणीवाला म्हणाला, "बाई गेल्या, वसंत आला." चौथ्या दिवशी बाई आल्या, मी तापलो, आणि दुपारपर्यंत कोणीतरी पुटपुटले, "आल्या गारठा घेऊन." बाईंनी ते ऐकले. लोक आपल्या स्वभावाबद्दल बोलतात असा त्यांचा समज झाला. त्या अधिकच अबोल झाल्या आणि दिवसभर खुर्चीवरून कमी उठू लागल्या. बंब बाईच मंद करायला लावतात, असा लोकांचा समज झाला. दोन्ही समज माझ्या उबेवर पोसले गेले. मला वाचा नाही, मित्रांनो. असती तर मी बोललो असतो, असे मी स्वतःला सांगत आलो आहे. पण त्या दिवसांत मला कौतुक आवडत होते, हेही खरे आहे.

मग ते पान आले. वहीतले दोनशे चौथे.

ओला कागद फाटतो तेव्हा मोठा आवाज होत नाही. भिजल्या पालवीवरून बोट ओढावे तेवढाच. पण त्या दालनात तो आवाज सर्वांना कळतो. बारा माणसांचे हात जागच्या जागी थांबले. काकांनी पान काचेवरून उचलताना त्याची कड सुटली आहे असे त्यांच्या बोटांना वाटले होते; ती सुटली नव्हती. बधिर बोटांना काही कळले नाही. पान मधोमध, सात नावांवरून फाटले.

काकांनी दोन्ही हात काखेत धरले. थोड्या वेळाने त्यांनी हाक मारली, "बाई, माझ्याकडून फाटलं."

नियमाप्रमाणे अहवाल लिहावा लागे. बाईंनी तो लिहिला, माझ्यावर पावले ठेवून. एक एक अक्षर त्या वळणदार काढीत होत्या. कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिले: 'वयोमानामुळे बोटांची संवेदना मंदावली आहे.' त्यांच्या मते ते सत्य होते, आणि सौम्यही. लिहिताना त्यांचा पाय थरथरला. मी खुंटीच्या दुसऱ्या खुणेवर होतो. माझ्याकडे होती तेवढी ऊब मी त्या थरथरीला दिली.

काकांना बाहेरच्या खोलीत पाकिटांवर शिक्के मारायला बसवण्यात आले. त्यांनी आपला कुंचला धुतला, वाळवला, टोक ओठांनी जुळवले आणि वाटीत उभा ठेवला. उरलेली पाने दुसऱ्यांत वाटली गेली. हिवाळा संपायच्या आतच ते निवृत्त झाले. निरोपाला साहेबांनी दोन शब्द बोलावेत अशी प्रथा होती. ते दोनच बोलले.

पुढच्या हिवाळ्याआधी बंबवाला तपासणीला आला. उग्र चेहऱ्याचा, हाताला कायम काजळी. तो म्हणाला, "बाई, गेल्या वर्षी हा बंब इतका झोपला की नळ आतून गंजलेत. इतकी ऊब तुम्ही आणली कुठून?" आणि डोळा उघडण्यासाठी त्याने टेबलाच्या मागे हात घातला. हात तिथेच थांबला. दिवस ओला होता, मी तापलेला होतो.

तो गुडघ्यांवर बसला, पडदा वर केला, मला नीट पाहिले. मग म्हणाला, "वा. चूल डोळ्याच्या नाकाखाली, आणि डोळ्याला विचारताय की जेवण झालं का."

"म्हणजे?" बाईंनी विचारले.

त्याने पेटीतून साधी तापमापी काढली, दालनभर चालत गेला आणि ती उत्तरेच्या खिडकीशी ठेवली. थोड्या वेळाने परत आणून बाईंच्या समोर धरली. तेरा अंश. भिंतीवरचा डोळा एकवीस दाखवत होता.

बाईंनी पावले माझ्यावरून उचलली. ती पुन्हा कधी त्या दालनात माझ्यावर आली नाहीत.

साहेब आले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "डोळा दालनाच्या मध्ये हलवू. झालं ते झालं."

"मला काकांच्या अहवालातली ओळ बदलायची आहे," बाई म्हणाल्या.

"बदलून काय होणार? ते घरी गेले. पान फाटलं ते फाटलंच ना?" साहेबांनी भिंतीकडे पाहिले. "आणि मग बंब का झोपला तेही लिहावं लागेल. हे मानपत्र काय म्हणून ठेवायचं आपण भिंतीवर?"

"ते तुमचं तुम्ही ठरवा."

साहेबांनी ठरवले. डोळा हलला, मानपत्र राहिले, आणि माझ्यावर एक चिठ्ठी चिकटली: 'सदोष'. माझ्यात दोष नव्हता. तार शाबूत होती, खुंटी तिन्ही खुणांवर नीट फिरत होती. पण दोष कोणाच्या तरी माथी मारावाच लागतो, आणि पाट काही उलट उत्तर देत नाही. अडगळीत मी दोन महिने होतो. एवढेच कळले की बाईंनी कोणाला न विचारता तो जुना अहवाल काढला, आणि समासात स्वतःच्या सहीने लिहिले: 'वरील निष्कर्ष माझा होता व तो चुकीचा होता. थंडी दालनात होती.' तो समास अजून कोणी वाचलेला नाही.

मग एका सुटीच्या दिवशी बाईंनी मला अडगळीतून काढले, चिठ्ठी खरवडली आणि कापडात गुंडाळून काकांच्या घरी नेले. दोन मजले चढून वर. दार काकांच्या सुनेने उघडले.

"या. बाबा हल्ली कोणाला भेटत नाहीत," ती म्हणाली, "पण तुम्ही कोणी थोड्याच आहात."

हा टोला होता की आपुलकी, ते बाईंना ठरवता आले नाही. मलाही नाही.

काका खिडकीशी बसले होते. समोर सुई, दोरा आणि पाण्याचा पेला. बाई उभ्याच राहिल्या आणि म्हणाल्या, "काका, ती थंडी वयाची नव्हती."

"मग कोणाची होती?"

बाईंनी कापड सोडून मला खाली ठेवले आणि सगळे सांगितले. फट, डोळा, बंब, तेरा अंश. काही वगळले नाही. अहवालातली ओळही त्यांनी जशीच्या तशी म्हणून दाखवली. ती काकांनी कधी वाचली नव्हती.

काकांनी आपले हात उलटेसुलटे करून पाहिले. "म्हणजे बोटं ठीक होती."

"ठीक होती."

"रोज सकाळी मी सुईत दोरा ओवतो," काका म्हणाले. "परीक्षा घेतो त्यांची. रोज पहिल्या खेपेला ओवला जातो. तरी मी म्हणायचो, ही सुईच मोठ्या नेढ्याची असेल. वर्षभर शिव्या घातल्या मी या बोटांना."

"माझी चूक झाली, काका. मला क्षमा करा."

"माझ्याकडे काय मागता? बोटांकडे मागा. मलाही मागायची आहे त्यांच्याकडे." मग थोडे थांबून त्यांनी विचारले, "वही पुरी झाली?"

"झाली. फाटलेलं पान मी जोडलं. सातांपैकी सहा नावं वाचता येतात."

"आणि सातवं?"

बाईंनी मान हलवली.

"मग एक माणूस जन्मलाच नाही म्हणायचा," काका म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

आत सून कपबशा मांडत होती. खोली गार होती; त्या घरात बंब नव्हता. काही वेळाने काकांनी माझी तार भिंतीच्या खटक्याला जोडली, खुंटी फिरवली, आणि पायाने मला हळूच ढकलले, स्वतःकडे नव्हे, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे.

"बस," ते म्हणाले. "पाय ठेव, पोरी. तुला सवय आहे."

कित्येक वर्षांनी उच्चारलेली ती हाक, आणि तिच्या मागोमाग ते वाक्य. बाई बसल्या. त्यांनी पावले ठेवली. मी तापलो, कारण मला दुसरे काही येत नाही. त्या दिवशी मी दिलेली ऊब त्यांना लागत होती की पोळत होती, हे मी सांगू शकत नाही.

तेव्हापासून मी इथेच आहे. बाई सुटीच्या दिवशी येतात आणि काका दर वेळी मला त्यांच्याकडेच ढकलतात. स्वतः एकदाही पाय ठेवला नाही. पुढे वही मात्र त्यांच्या हाती कधी यायची नाही. तिला दालनाबाहेर नेता येत नाही, आणि काकांना दालनात बसता येत नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी साधने तुमच्या घरी येतील, तुमच्या कामाच्या जागी येतील. खोलीऐवजी माणसाला ऊब देणारी, माणसाला वारा घालणारी. ती वाईट नाहीत. थोड्या विजेत ती पुष्कळ सुख देतात, आणि वीज वाचवणे हे पुण्याचे काम आहे. पण ती घेताना एवढे करा. तापमापी तुमच्या टेबलावर ठेवू नका. ती दालनाच्या दूरच्या टोकाला, ज्याने अजून तक्रार केलेली नाही त्याच्या टेबलावर ठेवा. आणि तो 'असेल' म्हणाला तर त्यावर विश्वास ठेवू नका. त्याचा हात हातात घेऊन पाहा.

ज्यांनी गारठ्यात दुसऱ्यांची नावे सांधली त्यांच्या बोटांना ऊब लाभो. ज्यांनी न कळत अन्याय केला आणि कळल्यावर दोन मजले चढून तो सांगितला, त्यांच्या पावलांना विसावा मिळो. आणि ज्याचे नाव आता कोणालाच वाचता येणार नाही, ते सातवे माणूस जिथे कुठे असेल, तिथे त्याला कोणीतरी त्याच्या नावाने हाक मारो.